तालमुद शिकला आणि लॉ स्कूलला गेला

न्यू जर्सी राज्यातल्या लेकवूड गावात बेथ मेद्राश गोव्होहा नावाची एक संस्था आहे. ज्यू धर्मशास्त्र शिकवणाऱ्या अशा संस्थेला येशिव्हा म्हणतात, आणि अमेरिकेतल्या येशिव्हांमध्ये ही सर्वांत मोठी. युरोपातलं ज्यूंचं जग जळून खाक होत होतं त्या काळात, १९४३ मध्ये, रब्बी अहरॉन कोटलर यांनी मूठभर विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू केली. इथे भौतिकशास्त्र नाही, राज्यशास्त्र नाही, अर्थशास्त्र नाही. भल्यामोठ्या दालनात मुलं जोडीजोडीने समोरासमोर बसतात आणि दीड हजार वर्षांपूर्वी सिद्ध झालेल्या तालमुद या ग्रंथावर तावातावाने वाद घालतात. सकाळपासून रात्रीपर्यंत, वर्षानुवर्षं, एवढंच.

यातलाच एखादा मुलगा एके दिवशी लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा देतो, चांगले मार्क मिळवतो आणि नामांकित विद्यापीठात कायदा शिकायला जातो. अमेरिकेतल्या येशिव्हांमधून लॉ स्कूलकडे जाणारी ही वाट आता चांगली रुळलेली आहे. दुसरीकडे एखादी मुलगी ख्रिस्ती बायबल कॉलेजात दोन वर्षं काढते. तिथे तिने बायबलसोबत बीजगणित, इंग्रजी, मानसशास्त्र हेही विषय घेतलेले असतात. ती सरकारी विद्यापीठात बदली मागते आणि तिला उत्तर मिळतं की तुमचे क्रेडिट आम्ही धरत नाही, पहिल्या वर्षापासून सुरुवात करा. दोघांच्या शाळा धार्मिक आणि दोन्ही शाळांना मान्यता देणाऱ्या संस्था केंद्र सरकारच्याच यादीत. तरी तालमुद चालतो आणि बीजगणित अडतं! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चक्रावून गेलो होतो. खोलात गेल्यावर जे सापडलं ते मला अजूनही थक्क करतं.

आपल्याकडे कॉलेज खरं की खोटं हे यूजीसीची यादी बघून कळतं. अमेरिकेत अशी यादी करणारं केंद्रीय खातंच नव्हतं, आणि आजचं शिक्षण खातं ज्या कायद्याने १९७९ मध्ये स्थापन झालं त्यातच या खात्याने अभ्यासक्रमावर नियंत्रण ठेवायचं नाही असं बजावलेलं आहे. मग दर्जा ठरवतं कोण? तर कॉलेजंच एकमेकांचा ठरवतात. १८८५ मध्ये न्यू इंग्लंडमधल्या शाळा-कॉलेजांनी मिळून एक संघ काढला आणि पुढच्या दहा वर्षांत इतर भागांतही असे संघ निघाले. एका कॉलेजचे प्राध्यापक दुसऱ्या कॉलेजात जाऊन ग्रंथालय बघायचे, शिक्षकांच्या पदव्या तपासायचे, हिशेब चाळायचे आणि ठरवायचे की हे आपल्या पंगतीला बसायच्या लायकीचं आहे की नाही. यालाच अ‍ॅक्रेडिटेशन म्हणतात. सरकार यात आलं ते बऱ्याच उशिरा. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला, तेव्हा त्या पैशावर डोळा ठेवून बोगस शाळा उगवल्या. म्हणून १९५२ च्या कायद्याने सरकारने एवढंच ठरवलं की कोणत्या अ‍ॅक्रेडिटेशन संस्थांवर विसंबायचं त्याची यादी आपण छापू. सरकार कॉलेज तपासत नाही, कॉलेज तपासणाऱ्याला तपासतं. ही व्यवस्था आजही तशीच आहे.

बदलीचा सगळा व्यवहार ज्या क्रेडिटमध्ये चालतो, त्या क्रेडिटचा जन्मही बघण्यासारखा आहे. १९०५ मध्ये पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर दिले. पेन्शन कॉलेजच्या प्राध्यापकांना द्यायची, तर कॉलेज कशाला म्हणायचं हे आधी ठरवावं लागलं. प्रवेशासाठी शाळेत इतके विषय, प्रत्येक विषयाचे इतके तास, असं माप त्यातून निघालं. शिक्षण तासांत मोजायची सवय तिथून पक्की झाली, आणि आजचा आठवड्याला तीन तास म्हणजे सेमिस्टरला तीन क्रेडिट हा हिशेब त्याच घराण्यातला आहे. पण या पेन्शनला आणखी एक अट होती: कॉलेज कोणत्याही पंथाच्या ताब्यात असता कामा नये. पेन्शनचा मोह मोठा होता. मेन राज्यातल्या बोडोइनसारख्या काही कॉलेजांनी चर्चशी असलेलं जुनं नातं त्यापायी सोडलं. म्हणजे ज्या मापाने आज धार्मिक शाळेतलं शिक्षण दुसरीकडे मोजलं जातं, ते माप तयार होतानाच धार्मिक कॉलेजं बाहेर ठेवली गेली होती. आणि हे त्या देशात, जिथलं सर्वांत जुनं कॉलेज, १६३६ चं हार्वर्ड, मुळात धर्मोपदेशकांची पिढी अडाणी निघू नये या काळजीतून उभं राहिलं!

बाहेर राहिलेल्यांनी मग आपल्या संस्था काढल्या. १९४७ मध्ये बायबल कॉलेजांनी स्वतःची अ‍ॅक्रेडिटेशन संस्था स्थापली, ती आज एबीएचई म्हणून ओळखली जाते. १९७९ मध्ये ट्रॅक्स आली. तिच्या संस्थापकांत बायबलमधली सृष्टीच्या उत्पत्तीची कथा शब्दशः मानणारी मंडळी होती, त्यामुळे १९९१ मध्ये सरकारने तिला यादीत घेतलं तेव्हा बराच गदारोळ झाला. येशिव्हांची आर्ट्स नावाची वेगळी संस्था आहे. या आर्ट्सचा कला शाखेशी संबंध नाही, लांबलचक नावाची ती आद्याक्षरं आहेत. पदव्युत्तर धर्मशिक्षण देणाऱ्या सेमिनरींची एटीएस आणखी निराळी. या चारही सरकारच्या यादीत आहेत, त्यामुळे त्यांच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना केंद्र सरकारची आर्थिक मदत मिळू शकते. सगळी धार्मिक कॉलेजं यांच्याकडेच जातात असं मात्र नाही. नोत्र दाम, जॉर्जटाउन, मॉर्मन पंथाचं ब्रिगहॅम यंग, न्यूयॉर्कचं येशिव्हा युनिव्हर्सिटी, आयोवात महर्षी महेश योगींच्या अनुयायांनी चालवलेलं महर्षी विद्यापीठ यांना सरकारी विद्यापीठांना तपासणाऱ्या प्रादेशिक संघांचंच अ‍ॅक्रेडिटेशन आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचं झैतुना हे मुस्लिम कॉलेज २०१५ मध्ये त्या पंगतीत बसलं. शिकागोच्या मूडी बायबल इन्स्टिट्यूटने तर दोन्हीकडचं मिळवून ठेवलं आहे.

सगळी मेख याच फरकात होती. प्रादेशिक संघांची कॉलेजं एकमेकांचे क्रेडिट सहज घेत. धार्मिक किंवा व्यावसायिक शिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थांचे क्रेडिट घेताना हात आखडता. अमेरिकी संसदेसाठी सरकारी कामकाजाची तपासणी करणाऱ्या जीएओ या कार्यालयाने २००५ मध्ये याची पाहणी केली, तेव्हा सुमारे ८४ टक्के संस्थांच्या धोरणात प्रादेशिक अ‍ॅक्रेडिटेशनचे क्रेडिट घेऊ असं होतं, आणि राष्ट्रीय अ‍ॅक्रेडिटेशनचे घेऊ असं स्पष्ट म्हणणाऱ्या जेमतेम १४ टक्के. सरकारच्या यादीत दोघेही. पण सरकारची यादी पैशासाठी आहे. एका कॉलेजने दुसऱ्याचे क्रेडिट घ्यावेत अशी सक्ती तिच्यात कुठेही नाही. आपल्याकडे स्थळ बघताना पत्रिकेपेक्षा मध्यस्थ कोण याला वजन असतं, तसं इथे मार्कांपेक्षा शब्द कुणी टाकलाय ते बघितलं जातं.

आता लेकवूडच्या मुलाचं कोडं सुटतं, निदान अर्धं. लॉ स्कूलचं शिक्षण पदवीनंतरचं आहे, त्यामुळे त्याला क्रेडिट बदलून घ्यायचेच नव्हते. त्याच्याकडे अख्खी पदवी होती. अमेरिकन बार असोसिएशनच्या नियमानुसार लॉ स्कूलने बघायचं ते इतकंच की पदवी देणाऱ्या संस्थेला सरकारमान्य अ‍ॅक्रेडिटेशन संस्थेने मान्यता दिलेली आहे. प्रादेशिक की धार्मिक हा भेद त्या नियमात नाही. कोणता विषय शिकून आलात याचीही अट नाही. उरली प्रवेश परीक्षा, आणि तिच्यात तर्क तपासतात.

उरलेलं अर्धं कोडं तालमुदच्या पानावर आहे. ते पान एकदा जवळून पाहावं असंच आहे. मधोमध जाड अक्षरात मूळ मजकूर: आधी मिश्ना, म्हणजे नियम, आणि मग गमारा, म्हणजे त्या नियमावर झालेली चर्चा. एका अंगाला अकराव्या शतकातले फ्रान्सचे भाष्यकार राशी. दुसऱ्या अंगाला राशींच्या नातवांनी आणि त्यांच्या परंपरेतल्या पंडितांनी लिहिलेली टीका, जी बऱ्याचदा राशींनाच हरकत घेते. कडेला आणखी संदर्भ, आणखी टिपा. हजार वर्षांचे वादी-प्रतिवादी एकाच पानावर चारी बाजूंनी बोलत असतात. बाव्हा मेत्सिया या भागाचा आरंभच बघा. दोन माणसं एकच वस्त्र धरून हजर होतात. एक म्हणतो, सगळं माझं. दुसराही म्हणतो, सगळं माझं. दोघांनी शपथ घ्यायची आणि वस्त्र निम्मं निम्मं वाटायचं. पण एक म्हणाला सगळं माझं आणि दुसरा म्हणाला अर्धं माझं, तर? मग अर्ध्याबद्दल वादच उरला नाही. उरलेल्या अर्ध्याची वाटणी होते, पहिल्याला तीन चतुर्थांश, दुसऱ्याला एक चतुर्थांश. पुढे पानंच्या पानं चर्चा चालते: ताबा म्हणजे काय, पुरावा कुणी द्यायचा, शपथ कशासाठी, एकजण खोटं बोलतोय हे नक्की असताना दोघांनाही शपथ कशी घालायची. कायद्याच्या पहिल्या वर्षाला मालमत्तेच्या तासाला याहून वेगळं काय असतं? आपल्याकडे मीमांसा आणि न्याय शिकलेल्या शास्त्रीबुवांनी हे पान पाहिलं असतं, तर पूर्वपक्ष कुठे संपतो आणि सिद्धान्त कुठे सुरू होतो हे त्यांनी बोट ठेवून दाखवलं असतं असं मला मनापासून वाटतं.

बायबल कॉलेजातल्या मुलीचं प्रकरण वेगळ्या टेबलावर जातं. ती पदवी अर्ध्यावर असताना बदली मागते आहे, म्हणून तिचा एकेक विषय रजिस्ट्रारच्या नजरेखालून जाणार. बदलीच्या क्रेडिटबद्दल अमेरिकेतल्या रजिस्ट्रारांची संघटना आणि उच्चशिक्षणाच्या दोन मोठ्या संस्था यांचं एक संयुक्त निवेदन आहे. त्यात तीन गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत: शिक्षणाचा दर्जा, आपल्या विषयाशी त्याचं साम्य, आणि विद्यार्थ्याला ज्या पदवीला जायचंय तिथे त्याचा उपयोग. फक्त अ‍ॅक्रेडिटेशन कुणाचं यावरून निकाल लावू नये हेही अ‍ॅक्रेडिटेशनच्या राष्ट्रीय परिषदेने वेळोवेळी सांगितलं आहे. ज्या विद्यापीठाने दार बंद ठेवलेलं नाही, तिथे तिची गुणपत्रिका साधारण अशी वाचली जाते. इंग्रजी निबंधलेखन: आमच्या पहिल्या वर्षाच्या विषयासारखंच, घ्या. बीजगणित: पुस्तक कोणतं होतं, कुठवर शिकवलं, सिलॅबस दाखवा. बायबलची ग्रीक भाषा: परदेशी भाषेच्या अटीत बसू शकेल, भाषाविभागाला विचारू. जुन्या कराराचा परिचय: धर्मविभाग असेल तर तिथे, नाहीतर ऐच्छिक. प्रवचन कसं द्यावं: वक्तृत्वाच्या विषयाशी जुळतंय का बघू. चर्चमधल्या सेवाकार्याचे तास: नाही.

इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि ती कळली नाही तर वर्षं वाया जातात. क्रेडिट मिळणं आणि ते उपयोगी पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विद्यापीठ म्हणेल की तुमचे चाळीस क्रेडिट आम्ही धरले, पण त्यांतले तीस ‘ऐच्छिक’ या रकान्यात गेले आणि नर्सिंगच्या पदवीला ऐच्छिक विषय लागतातच दोन, तर बाकीचे क्रेडिट कागदावर शोभेला राहतात. जीएओच्याच २०१७ च्या अहवालातला अंदाज असा आहे की २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया गेले. हा आकडा सगळ्या प्रकारच्या कॉलेजांचा मिळून आहे. धार्मिक शाळेतून आलेल्याच्या वाटेत त्यावर आणखी एक पायरी असते. म्हणून जाणती मुलं आधीच तजवीज करतात. ज्या विद्यापीठात पुढे जायचं आहे त्याच्याशी आपल्या कॉलेजचा बदलीचा लेखी करार आहे का ते बघतात, प्रत्येक विषयाचा सिलॅबस जपून ठेवतात, आणि क्लेपसारख्या परीक्षा देऊन गणित किंवा इतिहासाचे क्रेडिट वेगळे कमावतात, कारण त्या परीक्षेचा निकाल देताना तुम्ही कुठल्या शाळेत शिकलात हे कुणी विचारत नाही.

सरकारने यात किती पडावं हा प्रश्न टेक्सासमध्ये दोनदा कोर्टात गेला आणि दोन वेळा दोन वेगळी उत्तरं आली. फोर्ट वर्थच्या टिंडेल सेमिनरीला राज्याच्या उच्चशिक्षण मंडळाने १,७३,००० डॉलर दंड ठोठावला. गुन्हा असा की परवानगीशिवाय ३४ पदव्या दिल्या, आणि स्वतःला ‘सेमिनरी’ म्हणवून घेतलं. २००७ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने सेमिनरीच्या बाजूने कौल दिला: धर्मोपदेशक कसा घडवावा याचा दर्जा सरकारने ठरवणं म्हणजे धर्मात हात घालणं. त्याच सुमारास सृष्टिनिर्मितीवादी मंडळींची एक संशोधन संस्था कॅलिफोर्नियातून डॅलसला आली. कॅलिफोर्नियात तिला ट्रॅक्सचं अ‍ॅक्रेडिटेशन होतं, पण टेक्सासने ट्रॅक्सला मानलेलं नव्हतं. २००८ मध्ये मंडळाने तिला पदव्युत्तर पदवी द्यायची परवानगी नाकारली आणि २०१० मध्ये केंद्रीय न्यायालयाने मंडळाचं म्हणणं उचलून धरलं. फरक कशाने पडला? तिला द्यायची होती ती पदवी विज्ञानशिक्षणातली एम.एस. होती. मला दोन्ही निकाल योग्य वाटतात. धर्माची पदवी धर्माच्या नावाने दिली तर सरकारने लांब राहावं. विज्ञानाची दिली तर विज्ञानवाल्यांनी ती तपासावी. फ्लोरिडात हाच विचार थेट कायद्यात आहे: धार्मिक कॉलेजाला परवान्यातून सूट हवी असेल, तर पदवीच्या नावातच धर्माचा उल्लेख करावा लागतो.

बॉब जोन्स युनिव्हर्सिटीची गोष्ट याहून निराळी. १९२७ ची ही कडवी प्रोटेस्टंट संस्था, आणि बाहेरच्यांनी येऊन आपल्याला तपासायचं हेच मुळात तिला नामंजूर होतं. कित्येक दशकं तिने अ‍ॅक्रेडिटेशन मागितलंच नाही. तिथल्या पदवीधरांना पुढच्या प्रवेशासाठी एकेका विद्यापीठाची समजूत घालत फिरावं लागे. शेवटी २००६ मध्ये ट्रॅक्सचं आणि २०१७ मध्ये दक्षिणेकडच्या प्रादेशिक संघाचं अ‍ॅक्रेडिटेशन तिने घेतलं.

जुलै २०२० पासून सरकारी नियमांत प्रादेशिक आणि राष्ट्रीय हा भेदच उरलेला नाही. केंद्राच्या लेखी ट्रॅक्स, एबीएचई आणि जुने मानाचे संघ एकाच रांगेत आहेत. तरीही अनेक विद्यापीठांच्या माहितीपुस्तिकेत ‘प्रादेशिक अ‍ॅक्रेडिटेशन असलेल्या संस्थेतले क्रेडिट’ हे शब्द तसेच आहेत. नियम एका रात्रीत बदलतो. रजिस्ट्रारचा विश्वास बसायला वेळ लागतो.

भारतात हाच प्रश्न कायद्याच्या अंगाने सुटतो. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशचा मदरसा कायदा वैध ठरवला, पण कामिल आणि फाजिल या पदव्यांची तरतूद रद्द केली, कारण पदवी द्यायचा अधिकार यूजीसी कायद्याच्या कक्षेत येतो. आपल्या मुलांचे क्रेडिट आता २०२१ पासूनच्या अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात, तरी या कॉलेजातले क्रेडिट त्या कॉलेजला पटतील का हा प्रश्न आपल्याकडेही येणारच आहे.

पण धार्मिक पदवीच्या मान्यतेची सगळ्यांत विलक्षण गोष्ट भारतातलीच आहे, आणि तिचा एक धागा मराठीशी जुळतो. कोलकात्याजवळचं सेरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं. १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापणारे आणि १८१० मध्ये मराठीचा कोश काढणारे मिशनरी विल्यम केरी तिथलेच. त्यांनी मार्शमन आणि वॉर्ड या सहकाऱ्यांसह १८१८ मध्ये सेरामपूर कॉलेज काढलं. १८२७ मध्ये डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने त्या कॉलेजला सनद दिली आणि कोपनहेगन व कील इथल्या विद्यापीठांसारखा पदव्या देण्याचा अधिकार बहाल केला. १८४५ मध्ये डेन्मार्कने सेरामपूर इंग्रजांना विकलं, तेव्हा सनदेचे हक्क अबाधित राहतील असं करारातच घालून घेतलं. एवढं करूनही त्या सनदेखालच्या धर्मशास्त्राच्या पहिल्या पदव्या दिल्या गेल्या त्या १९१५ मध्ये, म्हणजे अठ्ठ्याऐंशी वर्षांनी. १९१८ मध्ये बंगालच्या कायदेमंडळाने त्या अधिकारावर कायद्याची मोहोर उठवली. आज देशभरातल्या सेमिनरी सेरामपूरच्या सिनेटशी संलग्न आहेत. पुण्यात बिबवेवाडीला असलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी त्यांतलीच. ती १९८३ मध्ये पुण्याला आली, त्याआधी यवतमाळला होती.

तिथली बी.डी. ही धर्मशास्त्राची पदवी घेतलेला विद्यार्थी पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेतल्या एटीएसच्या सेमिनरीला अर्ज करतो, तेव्हा त्याच्या पदवीमागे उभी असते एका डॅनिश राजाची सनद, एका वसाहतीच्या विक्रीचा करार आणि बंगालचा एक कायदा. त्याची बी.डी. तिथल्या एम.डिव्ह.च्या बरोबरीची धरायची की त्याला आणखी काही विषय करायला लावायचे, हे त्या सेमिनरीचा रजिस्ट्रार त्याची गुणपत्रिका एकेक ओळ वाचून ठरवतो.